डोळे मिटा, हात वर करा

आमच्या मिटिंगकाकूला एकटीनं ठरवलेली गोष्ट पचायची नाही. चहात आलं टाकायचं की गवती चहा, एवढ्यासाठीसुद्धा ती काकांना ओसरीवरून आत बोलवायची आणि मत घ्यायची. घरात माणसं दोनच. एक मत आल्याचं, एक गवती चहाचं. मग रस्त्यानं जाणाऱ्या कोणाला तरी हाक मारून निकाल लावायचा. निकाल लावणाऱ्याला चहा द्यावा लागे, म्हणून त्यांच्या दारावरून जाताना माणसं मुद्दाम सावकाश चालायची.

काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "मले नका इचारू, सगळ्यायले इचारा." तिचं माहेर हिवरा आश्रमाकडचं. तिकडच्या मोठ्या पंगती तिनं लहानपणापासून पाहिलेल्या. सगळ्यांच्या पानात पडल्याशिवाय कोणी घास उचलत नाही, ती सवय मला तिथूनच लागली, असं ती म्हणायची. काका म्हणायचे, "सवय नाई ते, रोग हाय."

काकांची पिठाची गिरणी होती आणि चालवायची काकू. सगळ्या गावाचं दळण तिथंच. खालची गल्ली दुपारी दळून न्यायची, संध्याकाळी आमच्या डब्यांची ओळ लागायची. आमच्या वरच्या गल्लीत अर्धी घरं बौद्धांची आणि अर्धी माळ्यांची, पण डबे एकाच ओळीत. पुरेशा बाया जमल्या असं वाटलं की काकू बटन दाबून गिरणी बंद करायची. पट्टा फडफडत थांबायचा. नवीन आलेली सून घाबरून विचारायची, "लाइट गेली काय वं?"

"लाइट हाय," काकू पदरानं कपाळावरचं पीठ पुसत म्हणायची. "मिटिंग हाय."

मिटिंग संपेपर्यंत कोणाचं दळण मिळायचं नाही. घरी भाकरीसाठी माणसं ताटकळलेली असायची, त्यामुळे कोणी उठूनही जायचं नाही आणि कोणी फार लांबणही लावायचं नाही. अशी आमची गल्ली कमिटी. तिला ना शिक्का होता ना बोर्ड. ज्याचा डबा ओळीत, तो मेंबर. नाली कोणत्या दिवशी साफ करायची, खांबावरचा दिवा गेला तर कोणी सांगायला जायचं, परीक्षेच्या दिवसांत हळदीचा डीजे केव्हा बंद करायचा, हे सगळं तिथं ठरायचं. ग्रामपंचायतीच्या कमिट्याही होत्या, पण त्यातल्या बायांना आपण मेंबर आहोत हेच माहीत नव्हतं. एकदा नवीन ग्रामसेवक दळण घ्यायला आले आणि मिटिंगमध्ये सापडले. त्यांनी विचारलं, "काकू, तुमची ही कमिटी कोणत्या जीआरनं स्थापन झाली?"

"दळनानं झाली," काकू म्हणाली. "बसा. तुमचा डबा ओळीत हाय म्हंजे तुमीबी मेंबर."

ते बसले. नालीवर मतही दिलं.

सुरुवातीला मत हात वर करूनच व्हायचं. पण काकूच्या लक्षात आलं की सासूचा हात वर गेला की सुनेचा जातो आणि सासूचा खाली आला की सुनेचाही येतो. मतं सगळी सासवांचीच. घरोघरी संडास झाले होते तरी आमच्या सासवा पहाटे लोटा घेऊन शाळेच्या वाटेनंच जायच्या. त्यांचं म्हणणं, चौघी चार दारं बंद करून बसल्यावर गोष्टी कोणाशी करायच्या? तर त्या वाटेनं लोटा न्यायचा की नाही, यावर मत घ्यायचं होतं. काकूनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "डोळे मिटा. गच्च. अन् आता करा हात वर. मी उघडा म्हनल्याबिगर कोनी उघडाचे नाई अन् हात खाली घ्याचा नाई."

मग मोजणार कोण, असा प्रश्न आला. काकूलाही मत होतं, म्हणजे तिचेही डोळे मिटलेले हवेत. तिनं माझ्याकडे बोट केलं. "हे मोजन. हिले कोनी कापलं तरी बोलत नाई हे." खरं होतं ते. मिटिंगमध्ये मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

त्या दिवशी सासवा हरल्या. डोळे उघडल्यावर जो गोंधळ झाला तो झाला. "कोनाच्या सुनेनं केला वं हात वर?" प्रत्येक सासू विचारत होती आणि प्रत्येक सून दुसऱ्या सुनेकडे पाहत होती. माझ्याकडे येऊन दोघी-तिघी गोड बोलून गेल्या. मी आपली दळणाचा डबा डोक्यावर घेऊन घरी आले.

काकू स्वतः हरली तेव्हाचंही सांगते. आपल्या सासूचं नाव गल्लीला द्यावं, कोपऱ्यावर पाटी लावावी, असा ठराव तिनं मोठ्या हौसेनं मांडला. सासूवर ती अर्धा तास बोलली. डोळे मिटले, हात वर झाले. "किती वं?" तिनं मला विचारलं. मी एक बोट दाखवलं.

"ते तं माहंच हाय," काकू म्हणाली आणि तिनं बटन दाबून गिरणी सुरू केली. दोन दिवस सगळ्यांचं पीठ जाडंभरडं आलं. भाकरी थापताना फाटायच्या. पण पाटी काही लागली नाही, आणि तिनं तो विषय परत कधी काढलाही नाही.

असं सगळं हसत-भांडत चाललं होतं. पण पाण्याचा विषय हसण्यातला नव्हता.

नळ आठवड्यातून दोनदा यायचा. आधी खालच्या गल्लीला, अगदी सकाळी. त्यांचं भरून झालं की आम्हाला, म्हणजे ऊन चढल्यावर. तोवर आम्ही बाया निंदायला नाही तर भाजी तोडायला वावरात गेलेल्या असायच्या. मग पाणी भरायला घरी कोण? पोरी. नळाच्या दिवशी शाळेत वरच्या गल्लीतल्या पोरींचा बाक रिकामा असायचा. माझी पल्लवी तेव्हा सातवीत होती. बाई तिच्या वहीवर शेरे लिहून पाठवायच्या आणि ती वही मला दाखवायची नाही, कारण मला वाचता येतं हे तिला माहीत होतं. मी चौथीत शाळा सोडली ती हंड्यासाठीच. तेव्हा विहीर होती, आता नळ होता, एवढाच फरक.

मी हे मिटिंगमध्ये बोलले नाही. पण काकूला ते कुठून तरी कळलं. तिनं गिरणी बंद केली आणि विचारलं, "कोनाकोनाच्या पोरी आज घरी हायेत?" पुष्कळ हात वर झाले, डोळे उघडे ठेवूनच.

ठरलं असं की पाळी लावायची. एक आठवडा खालची गल्ली आधी, एक आठवडा वरची. हे ग्रामसभेतच व्हायला हवं होतं, कारण नळ सोडणारा कोणाचं ऐकेना. सरपंच बबनराव खालच्या गल्लीचे, आणि खालची गल्ली मोठी. काकू त्यांच्याकडे गेली. ते लहानपणी तिच्या गिरणीत उंदीर पकडायला यायचे, म्हणून ती त्यांना एकेरी बोलायची.

"बबन, पोरी शाळेत जात नाईत बाप्पा."

"काकू, मले समजते. पन माही गल्ली मले राहू देईन काय? ग्रामसभेत पास करून घ्या, मी दुसऱ्या दिवशी पाळी लावतो. शब्द हाय."

आमच्याकडे ग्रामसभेला माणसं जमत नसत. जमली नाहीत की सभा पुढे ढकलायची, हेच चालायचं. काकूनं आदल्या दिवशीपासून गिरणीला कुलूप लावलं. दारावर खडूनं लिहिलं, ग्रामसभा झाल्यावर दळण मिळेल. सगळ्या गावात तीच एक गिरणी. सकाळी मंडपात बाया मावेनात. खालच्या गल्लीच्याही आल्या, कुरकुरत, काहीजणी डबे घेऊनच. ग्रामसेवक पाहतच राहिले. म्हणाले, एवढी ग्रामसभा मी नोकरीत पाहिली नाही.

पण नवरे समोर बसलेले होते. सरपंचांनी माईकवर विचारलं, "पाण्याची पाळी लावायची, हे ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा." आमच्या गल्लीच्या बायांनी सवयीनं डोळे गच्च मिटले आणि हात वर केले. मी मोजणारी, म्हणून सवयीनं माझे डोळे उघडे राहिले. खालच्या गल्लीच्या बाया नवऱ्यांकडे पाहत होत्या. हात मांडीवरच.

ग्रामसेवकांनी मोजून सांगितलं, कमी पडले. काकू तरातरा उठून त्यांच्या टेबलाशी भांडायला गेली, की नीट मोजा, मागच्या मोजल्याच नाहीत. या भांडणाच्या भरात ती एक गोष्ट विसरली. "उघडा" म्हणायचं राहिलं.

इकडे सरपंचांनी पुढचं विचारलं, "मग नळाची वेळ आहे तीच राहू द्यायची, हे मान्य असणाऱ्यांनी हात वर करा." माईक खरखरत होता, काकू ओरडत होती, आणि आमच्या सगळ्या बाया डोळे मिटून, हात वर धरून, काकूच्या हुकमाची वाट पाहत बसलेल्या. मी घाबरून शेजारच्या शेवंताचा पदर ओढला. तिला वाटलं, हात अजून उंच करायला सांगते आहे. तिनं दुसराही वर केला.

"घ्या!" खालच्या गल्लीतून कोणीतरी ओरडलं. "वरच्या गल्लीलेबी मान्य हाय! एका बाईनं तं दोन मतं देल्ली!"

सगळा मंडप हसला. हसण्यानं आमच्या बायांनी डोळे उघडले आणि आपण काय केलं ते त्यांना कळलं. शेवंता तर रडायलाच लागली. काकू टेबलापाशी उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालेलं मी त्या दिवशीच पाहिलं.

"हे मत खरं नाई, बबन," ती म्हणाली.

"काकू, हात वर हायेत. मी काय करू? मत द्याले आल्या का आंधळी कोशिंबीर खेळाले?"

पुन्हा हशा. काकूनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "बरं. आमचे डोळे मिटले होते. तुमच्या गल्लीचे तं उघडे होते ना? मंग तुया बायकोचं मत काय हाय, सांग."

"माह्या घरचं मत म्हंजे माहंच मत."

"इचारलं काय तिले?"

आता सगळे सरपंचांकडे पाहायला लागले. मागून एकजण म्हणाला, "सरपंच, इचारा ना! का भेता?"

"भेतो कायले?" सरपंचांना राग आला. "घ्या पुन्हा मत. घ्या डोळे मिटून! समद्या गावानं मिटा. काय फरक पडते ते पाहूच."

मोजायचं कोणी, यावर पुन्हा वाद. काकूनं माझं नाव सांगितलं, तर खालची गल्ली म्हणाली, ती तुमची. मग त्यांच्याकडून गुलाब आबाजी ठरले. देवळात दिवा लावणारे म्हातारे. त्यांच्या खरेपणावर कोणाची शंका नव्हती. काकूनं सगळ्यांना मोबाइल पालथे ठेवायला लावले आणि माईक हातात घेऊन सांगितलं, "जो कोनी फोटो काढन, त्यानं माह्या गिरणीचं पीठ इसराचं. चला. डोळे मिटा!"

एवढं गाव डोळे मिटून बसलेलं मी परत कधी पाहिलं नाही. ग्रामसेवकांनी मिटले. चहावाल्यानं किटली खाली ठेवून मिटले. सरपंचांनी तर असे आवळून मिटले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या. एक कुत्रं मधून चालत गेलं, त्याचेच काय ते उघडे. मी आणि आबाजी दोन टोकांना उभे.

आमचे हात पटापट वर गेले. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग खालच्या गल्लीच्या बाजूनं एक हात हळूच वर आला. दुसऱ्या हातानं मनगटावरच्या बांगड्या घट्ट धरलेल्या, वाजू नयेत म्हणून. शेजारी एक. तिच्याही बांगड्या धरलेल्या. मग आणखी. बाया बांगड्या धरून हात वर करत होत्या, आणि पुरुषांच्या बाजूलाही कुठे कुठे हात दिसायला लागले. आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

दोघांनी वेगवेगळं मोजलं आणि ग्रामसेवकांच्या कानात सांगितलं. आकडा एकच निघाला. ठराव पास झाला.

सरपंच आबाजींच्या मागे मागे गेले. "आबाजी, आपल्या गल्लीतलं कोन कोन होतं?"

"मी मोजाले उभा होतो, बबन," आबाजी म्हणाले. "पाहाले नाई."

पुढे महिनाभर खालच्या गल्लीत घरोघरी चौकशी चालू होती. प्रत्येक नवऱ्यानं बायकोला विचारलं आणि प्रत्येक बायको म्हणाली, "मी नाई बाप्पा!" एक दिवस सरपंच गिरणीवर येऊन म्हणाले, "काकू, माह्या गल्लीत एकाचाबी हात वर नव्हता. घरोघरी इचारलं. मंग ठराव पास झाला तं झाला कसा?" काकू हसता हसता पिठाच्या पोत्यावर बसली. पण शब्दाला ते पक्के निघाले. ग्रामसभेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाळी लावली. आमच्या पाळीला पहाटे पाणी यायचं, भरून व्हायचं आणि पोरी शाळेत जायच्या. खालच्या पाळीला पुन्हा ओढाताण व्हायची, नाही असं नाही. पण बाक निम्मा तरी भरला. पुढच्या वर्षी काकूनं बाकीच्या निम्म्यासाठीही गिरणी बंद केली आणि नळाच्या दिवशी मजुरी उशिरा सुरू करायचं शेतवाल्यांकडून कबूल करून घेतलं. ती वेगळीच लढाई, तिच्यात काकू दोनदा हरली.

मग काका गेले. चहाला दुसरं मत उरलं नाही. काकू म्हणायची, "आता एकटीच बिनविरोध निवडून येतो, मजा नाई." तेवढ्यात गावात घरच्या घरी दळायच्या घरघंट्या आल्या. ज्यांच्याकडे आली त्यांचा डबा ओळीतून गेला. ओळ लहान होत गेली. काकूनं बटन दाबून गिरणी बंद केली की दोन-तीन जणीच असायच्या. तरी ती मत घ्यायची. तिघींत डोळे मिटून.

शेवटी गुडघ्यांनी साथ सोडली आणि पुण्यात राहणारा तिचा मुलगा तिला न्यायला आला. गाडी दारात उभी होती. काकूनं मला गिरणीत बोलावलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "एक गोष्ट सांग वं. इतके वर्षं पोटात घेऊन बसली मी. त्या दिवशी खालच्या गल्लीतून कोन होतं?"

मी रिकामा डबा उचलून बाजूला ठेवला.

"आता मी चालली ना. पुन्यात कोनाले सांगू? लिफ्टले?"

"नाई सांगत, काकू."

"मले?"

"तुमालेबी नाई."

तिला राग आला होता, तो खरा होता. मग तिच्या पोटातून हसू फुटलं आणि तिनं दोन्ही हातांनी माझे गाल धरले. पीठ नव्हतं तरी तिच्या हातांना पिठाचा वास होता. "बोलत नाई म्हनून तुले ठेवली मोजाले," ती म्हणाली, "अन् बोलली तं नाई म्हनाले बोलली. जाऊ दे. आता मले तिकडं झोप लागन."

गाडीत बसल्यावर तिनं ड्रायव्हरला विचारलं की चिखलीवरून जायचं की मेहकरवरून, आणि मुलाला म्हणाली, तूही सांग. मुलगा म्हणाला, "माय, मत नको घेऊ आता." गाडी वळेपर्यंत ती घेतच होती.

पुण्यात ती दीड वर्ष राहिली. फोनवर सांगायची, इथल्या सोसायटीच्या मिटिंगला कोणी येतच नाही, आणि बंद करायला माझ्याजवळ गिरणी नाही. एका सकाळी मुलाचा फोन आला, काकू झोपेतच गेली.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी ती नावं इथंही लिहीत नाही. फक्त एवढं लिहिते, की ज्या बाईनं त्या दिवशी सगळ्यात आधी बांगड्या धरून हात वर केला, ती मला अमडापूरच्या बाजारात भेटते. मी भाजी घेऊन बसते, ती घ्यायला येते. मला माहीत आहे हे तिला माहीत आहे. आम्ही पाण्याचं कधी बोललो नाही. ती मेथीची जुडी उचलते, उलटून पाहते आणि विचारते, "पल्लवी काय करून राह्यली आता?"

मी सांगते, "नर्सिंगले हाय, बुलढाण्याले. आता शेवटचं वर्ष."

"शिकू दे," ती म्हणते, आणि भाव न करता जुडी पिशवीत टाकते.